तगाद्याची मर्यादा

घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, याविषयी महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात धनको आणि ऋणको यांच्यात तत्त्वतः दुमत आढळत नाही. वाद पेटत आला तो वसुलीच्या रीतीवरून, म्हणजे ऋणकोच्या दारात कोणी, केव्हा आणि काय घेऊन उभे राहावे, त्याच्या घरातील कोणती वस्तू उचलावी, आणि त्याच्या देहावर व अब्रूवर येणेकऱ्याचा अंमल कुठपर्यंत चालावा, या प्रश्नांवरून. बँकेच्या वसुली प्रतिनिधीने थकीत कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नये, असा जो नियम आज आहे, तो रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकातून आलेला असला तरी त्यामागचा प्रश्न किमान दोनशे वर्षांचा आहे. या दोनशे वर्षांत एक गोष्ट वारंवार घडलेली दिसते: कायद्याने एका प्रकारच्या धनकोचे हात बांधले की वसुलीचे काम त्या कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या दुसऱ्या हातांत जाते, आणि मग त्या नव्या हातांसाठी नवी व्याख्या शोधावी लागते.

पेशवाईच्या अखेरीस दख्खनमध्ये कर्जवसुली कशी होत असे, याचे तपशीलवार वर्णन इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली सादर केलेल्या अहवालात आढळते. तगादा हा शब्द त्या काळी साध्या मागणीपासून सक्तीपर्यंतच्या अनेक पायऱ्यांना मिळून वापरला जात असे. ऋणको बरोबरीचा किंवा कनिष्ठ असेल तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवून ठेवत असे. ऋणको वरिष्ठ असेल तर मात्र धनकोची भाषा बदलत असे, तो विनवण्या करी, उंबरठ्यावर किंवा वाटेत आडवा पडे, दारासमोर आरडाओरड करी, किंवा या कामासाठी दुसरी माणसे नेमी. दारात उपाशी बसणे, म्हणजे धरणे धरणे, हा यांतला सर्वांत कठोर उपाय होता, कारण धनको उपाशी असेपर्यंत घरातल्या माणसांनाही जेवता येत नसे आणि त्यातून काही बरेवाईट झाल्यास त्याचे पाप ऋणकोच्या माथी बसे अशी समजूत होती. वसुलीसाठी पैसे देऊन माणूस बसवण्याची पद्धत, जिला आज एजन्सी म्हटले जाते, ती अशा रीतीने कंपनी सरकारच्या आधीपासूनची आहे. सरकारने स्वतः मध्यस्थी करून येणे वसूल करून दिल्यास त्या रकमेचा चौथा हिस्सा सरकारजमा करून घेण्याची वहिवाटही मराठी राज्यात होती, आणि वसुलीच्या रकमेवर टक्केवारी घेणाऱ्या आजच्या व्यवसायाशी तिचे नाते उघड आहे.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही, कारण तिच्यात दुर्बळ ऋणकोला सोसावे लागे आणि सबळ ऋणकोला फक्त ऐकावे लागे. तथापि तिला दोन मर्यादा होत्या, आणि पुढच्या काळात त्या दोन्ही ढासळल्या. पहिली मर्यादा तगाद्याच्या स्वरूपातच होती: धनको आणि ऋणको एकाच गावचे असत, प्रकरण हाताबाहेर गेले की ते पंचायतीपुढे जाई, आणि धरणे धरणाऱ्याला स्वतःच्या पोटालाही चिमटा घ्यावा लागे. दुसरी मर्यादा दामदुप्पटीची होती. दामदुप्पट म्हणजे एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा धर्मशास्त्रातून आलेला नियम; तो मनुस्मृतीत सापडतो, मराठी मुलखातील व्यवहारात रूढ होता, आणि मुंबई उच्च न्यायालयाने हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो पुढेही लागू केला.

धरण्याचा उपाय इंग्रजी कायद्याने लवकरच गुन्हा ठरवला. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ५०८ हे एखाद्याला दैवी कोपाची भीती घालून त्याच्याकडून काही करवून घेण्याविषयीचे होते, आणि त्याखाली दिलेल्या उदाहरणांतले पहिलेच उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्या माणसाचे होते. पण दाराशी बसलेल्या धनकोला उठवणाऱ्या याच राजवटीने त्याच्या हातात त्याहून प्रभावी साधन दिले, ते म्हणजे दिवाणी न्यायालय. मुंबई इलाख्यात १८२७ च्या नियमावलीने व्याजाला शेकडा १२ ची मर्यादा घातली होती; १८५५ च्या कायद्याने व्याजाच्या दरावरील सर्व निर्बंध उठवले, आणि उभय पक्षांनी कागदावर जे मान्य केले तेच न्यायालयाने द्यायचे, असे ठरले. १८५९ मध्ये दोन कायदे आले, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि मुदतीचा कायदा, आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन कायद्यांची सांगड घातक ठरली.

मुदतीचा कायदा ऋणकोच्या हितासाठी आहे, अशी त्या वेळी कल्पना होती. जुने, पुराव्याअभावी संशयास्पद झालेले दावे उकरून काढले जाऊ नयेत म्हणून साध्या, नोंदणी न केलेल्या कर्जरोख्यावरचा दावा तीन वर्षांत दाखल झाला पाहिजे, असे बंधन त्यात होते. प्रत्यक्षात सावकाराने याचा अर्थ एवढाच घेतला की दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून नवा लिहून घ्यायचा. नवा रोखा लिहिताना थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाई, आणि त्या क्षणापासून ते व्याज राहत नसे, मुद्दल होत असे. म्हणजे दामदुप्पटीचा नियम शब्दशः पाळूनही दोन-तीन नूतनीकरणांत मूळ शंभर रुपयांचे कित्येक शंभर होऊ शकत. ऋणकोला लिहिता-वाचता येत नसे, भरलेल्या रकमेची पावती मिळत नसे, आणि हिशेबाची वही एकट्या सावकाराकडे असे. नव्या रोख्यावर अंगठा उठवायला तो नाही का म्हणत नसे, याचे उत्तर दुसऱ्या कायद्यात, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेत होते.

त्या संहितेनुसार पैशाच्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे न्यायालयाने दिलेल्या वसुलीच्या निर्णयाच्या, अंमलबजावणीसाठी ऋणकोची मालमत्ता जप्त करता येत असे आणि त्याला अटक करून दिवाणी तुरुंगात ठेवताही येत असे. अटकेत असेपर्यंत कैद्याच्या जेवणाचा भत्ता धनकोनेच भरायचा असे, त्यामुळे ऋणकोला खरोखर तुरुंगात ठेवण्यात सावकाराला फारसे स्वारस्य नसे. त्याला हवे असे ते वॉरंट. पुढे नेमल्या गेलेल्या चौकशी आयोगाने नोंदवलेली वस्तुस्थिती हीच आहे की अटकेची वॉरंटे मोठ्या संख्येने निघत, परंतु प्रत्यक्ष कैद थोड्यांनाच होई, कारण मधल्या टप्प्यावर ऋणको नवा रोखा लिहून द्यायला तयार होई. न्यायालय दूरच्या तालुक्याच्या गावी, समन्स पोहोचले की नाही याची खात्री नाही, आणि ठरलेल्या तारखेला प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा, असा तो क्रम होता. पूर्वीचा तगादेदार गावाला दिसत असे आणि त्याला गावाची भीड असे. बेलिफाच्या हातातील कागदाला कोणाचीही भीड नव्हती.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या भावाने शेतकऱ्याची पत वाढली आणि त्याबरोबर कर्जही वाढले. युद्ध संपताच भाव पडले, आणि त्याच सुमारास १८६७ पासून इंदापूर व लगतच्या तालुक्यांत जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. सावकारांनी नवे कर्ज आखडते घेतले आणि जुन्याची वसुली सुरू केली. शिरूर तालुक्यातील करडे या गावी १८७४ च्या अखेरीस दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापोटी एका प्रतिष्ठित कुणब्याचे घर विकत घेऊन सावकाराने ते पाडायला घेतले, त्यावरून गावाने सावकारांवर बहिष्कार घातला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, आणि पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. या दंग्यांविषयी इतिहासकारांत कारणांबद्दल बराच मतभेद आहे. महसूलवाढ प्रमुख की सावकारी प्रमुख, मारवाडी-गुजराती सावकारांविषयीचा परकेपणा किती आणि आर्थिक संकट किती, हे वाद अजून संपलेले नाहीत. परंतु जमावाच्या वागण्यातील एक गोष्ट निर्विवाद आहे: रोखे आणि हुकूमनामे हाती देणाऱ्या सावकारांना सहसा इजा झाली नाही, आणि नकार देणाऱ्यांच्या घरांवर हल्ले झाले. त्यांचे लक्ष्य कागद हे होते, आणि वसुलीचे सारे बळ आता कागदात आहे हे ओळखण्यात सुप्याच्या बाजारातला कुणबी कलकत्त्याच्या कायदेमंडळापेक्षा चार वर्षे पुढे होता.

दख्खन दंगल आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आधारावर थिओडोर होप यांनी मांडलेले विधेयक १८७९ चा सतरावा कायदा, म्हणजे डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, म्हणून मंजूर झाले. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता असलेला हा कायदा आधुनिक भारतातील ऋणको-संरक्षणाचा पहिला मोठा प्रयोग मानावा लागतो, कारण आज ज्यांना ग्राहकाचे हक्क म्हटले जाते त्यांतले बहुतेक त्यात बीजरूपाने आहेत. रोख्यावर लिहिलेली रक्कम अंतिम न मानता न्यायालयाने व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जाऊन मुद्दल किती, व्याज किती आणि भरणा किती याचा हिशेब स्वतः मांडावा, असे त्यात होते. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करता येणार नाही, आणि विशेषत्वाने गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करता येणार नाही, असे त्यात होते. रक्कम भरली की लेखी पावती, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा, आणि मागितल्यास खातेपुस्तक देण्याचे बंधन सावकारावर होते; रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद होती; आणि तीन वर्षांच्या मुदतीने केलेला घोळ लक्षात घेऊन ती मुदत साध्या रोख्यासाठी सहा आणि नोंदणीकृत रोख्यासाठी बारा वर्षांपर्यंत वाढवली होती. ऋणकोच्या भल्यासाठी दावा लावण्याची मुदत वाढवावी लागली, ही त्या कायद्यातील विसंगती वाटते, पण आधीचा अनुभव पाहता ती सर्वांत समंजस तरतूद होती. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील न्यायालयांच्या देखरेखीचे काम १८८१ पासून सहायक आणि पुढे प्रमुख विशेष न्यायाधीश या नात्याने केले, आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर नेमणूक होईपर्यंत त्यांच्या सेवेचा मोठा भाग याच कामात गेला.

कायद्याचे संरक्षण शेतकऱ्याला होते, त्यामुळे शेतकरी कोण हा प्रश्न न्यायालयांत वर्षानुवर्षे घोळत राहिला. मुख्यत्वे शेतीवर उपजीविका करणारा तो शेतकरी, अशी व्याख्या असली तरी जमीन खंडाने लावणारे आणि स्वतः सावकारी करणारेही त्या व्याख्येत शिरण्याचा प्रयत्न करू लागले. दुसऱ्या बाजूने सावकाराने कागदाचे रूप बदलले: कर्जरोखा किंवा गहाणखत लिहून घेतले तर न्यायालय हिशेब उकरते, तेव्हा सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे, कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचे तोंडी आश्वासन द्यायचे, आणि तोपर्यंत जमीन मूळ मालकालाच खंडाने कसायला द्यायची. १९०५ मध्ये हा कायदा संपूर्ण मुंबई इलाख्याला लागू झाला आणि १९०७ मध्ये त्यात १०-अ हे कलम घालून, खरेदीखत मुळात गहाणखत होते हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा घेण्याची मुभा न्यायालयांना देण्यात आली. कागदाच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हे इंग्रजी पुरावा-कायद्याचे प्रमुख तत्त्व. ते बाजूला सारण्याइतका तो प्रकार सार्वत्रिक झाला होता.

सर्वसाधारण कायद्यातही दरम्यान बदल होत होते. १८८८ च्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रियांना अटक करणे बंद झाले. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, जी अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे, तिच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची जी यादी आहे ती भारतीय घराचे एक चित्रच आहे: ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेपुरती गुरे व बियाणे. त्याच संहितेच्या कलम ५५ आणि ६२ यांनुसार अटकेसाठी किंवा जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणाच्या राहत्या घरात शिरता येत नाही. न्यायालयाच्या शिपायाला दिवेलागणीनंतर जो उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्याच उंबरठ्यावर पुढे खासगी कंपनीचा माणूस रात्री दहाला उभा राहू लागला, कारण हे बंधन न्यायालयाच्या आदेशाच्या अंमलबजावणीला होते आणि तो कोणत्याच न्यायालयाचा माणूस नव्हता.

शेतकऱ्यानंतर कायद्याचे लक्ष गेले ते गिरणी कामगाराकडे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये केलेल्या कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहणीत ४७ टक्के कामगार कुटुंबे कर्जबाजारी असल्याचे आढळले होते. हे कर्ज वाण्याचे असे, चाळीच्या मालकाचे असे, ज्याच्या हातात नोकरी असे त्या जॉबरचे असे, आणि ज्यांना कोणीच उभे करत नसे त्यांना पठाणाचे असे. वायव्य सरहद्दीकडून आलेले हे फिरते सावकार तारण मागत नसत, जामीन क्वचितच मागत, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी काठी घेऊन उभे राहत. दर महिना रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५, हा दर कामगारवस्तीत सर्रास चाले. पठाणी वसुली हा शब्दप्रयोग मराठीत तिथून रुळला. तो एका जमातीवर अन्याय करणारा आहे हेही नोंदवले पाहिजे, कारण वाणी आणि जॉबर यांचे व्याज नेहमीच कमी होते असे नाही. फरक एवढाच की त्यांना काठीची गरज नव्हती, एकाकडे उधारीची वही होती आणि दुसऱ्याकडे नोकरी. पठाणाला न्यायालयाचे वावडे होते, त्यामुळे १८७९ च्या कायद्याने न्यायालयाच्या दारात उभारलेले सारे बांध त्याच्या बाबतीत निरुपयोगी होते.

१९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली कमिशनने, म्हणजे भारतातील कामगारांविषयीच्या शाही आयोगाने, या प्रश्नाची चिकित्सा केली आणि वसुलीसाठी कारखान्याला वेढा घालून बसणे हा फौजदारी गुन्हा ठरवावा, दरमहा ३०० रुपयांखालील वेतनाची जप्ती बंद करावी, आणि अल्पवेतन कामगाराची कर्जासाठी अटक थांबवावी, अशा शिफारशी केल्या. बंगालने १९३४ मध्ये पहिल्या शिफारशीनुसार कायदा केला. केंद्रात १९३६ च्या दुरुस्तीने दिवाणी अटकेला अटी घातल्या गेल्या, ज्यांचा आशय असा की ऐपत असूनही टाळाटाळ करणाऱ्याला कैद होऊ शकते, पैसेच नसलेल्याला नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी हाच आशय घटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडून, केवळ दारिद्र्यामुळे फेड न होणे हे तुरुंगवासाचे कारण होऊ शकत नाही, असा निर्णय दिला.

मुंबई प्रांताने १९४६ मध्ये सावकारी कायदा केला. परवाना, हिशेबाची वही, पावती, व्याजदराची कमाल मर्यादा आणि दामदुप्पट या त्यातील तरतुदी १८७९ ची परंपरा पुढे नेणाऱ्या होत्या. त्यातील नवी आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद ऋणकोच्या छळाची होती. वसुलीसाठी ऋणकोला अडवणे, मारहाण करणे किंवा धमकावणे, तो जाईल तिथे त्याचा सतत पाठलाग करणे, त्याच्या मालमत्तेच्या वापरात अडथळा आणणे, आणि तो राहतो किंवा काम करतो त्या जागेभोवती घुटमळत राहणे, या सर्व कृत्यांना छळ म्हटले गेले आणि त्यासाठी कैद व दंडाची शिक्षा सांगितली गेली. एल्फिन्स्टनने वर्णिलेला तगादा आणि गिरणीच्या दरवाजावरची काठी या दोहोंना पुरून उरणारी ही व्याख्या होती. तिच्यात उणीव एकच होती, आणि ती त्या काळी उणीव वाटण्याचे कारण नव्हते: बँका त्या कायद्याच्या बाहेर होत्या.

१९४६ साली बँकेचा माणूस कामगाराच्या चाळीत वसुलीला येईल, ही कल्पना कोणाला सुचण्यासारखी नव्हती, कारण बँक कामगाराला कर्जच देत नव्हती. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर हे चित्र हळूहळू पालटले आणि १९९० नंतर खासगी बँका व वित्तीय कंपन्यांनी वाहन, गृहोपयोगी वस्तू, क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक गरजा यांसाठी विनातारण किंवा नाममात्र तारणावर कर्जे द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते पुरते बदलले. लहान रकमेच्या हजारो थकीत कर्जांसाठी दिवाणी दावे लावणे खर्चाचे आणि वेळखाऊ होते. मोठ्या कर्जांसाठी १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणे आणि २००२ मध्ये तारण मालमत्तेचा ताबा ६० दिवसांच्या नोटिशीनंतर न्यायालयाविना घेऊ देणारा सरफेसी कायदा आला, पण मोटारसायकलच्या हप्त्याला त्यांचा उपयोग नव्हता. ही पोकळी कमिशनवर काम करणाऱ्या वसुली एजन्सींनी भरून काढली. तुरुंगाची भीतीही वेगळ्या वाटेने परत आली: १९८८ च्या दुरुस्तीने न वटलेला धनादेश हा फौजदारी गुन्हा ठरला, आणि कर्ज देताना कोरे धनादेश सही करून ठेवून घेण्याची प्रथा रूढ झाली. दिवाणी कर्जासाठी अटक नाही हे तत्त्व शाबूत राहिले आणि वॉरंटाची धमकीही शाबूत राहिली.

रिझर्व्ह बँकेने ५ मे २००३ च्या न्याय्य व्यवहार संहितेत अवेळी वारंवार त्रास देणे आणि दंडशक्तीचा वापर करणे निषिद्ध ठरवले होते, परंतु ती संहिता सौम्य होती आणि बहुतेक ऋणकोंना तिचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वाहनकर्जाच्या प्रकरणात, बँकांनी गुंडांकरवी वाहनांचा ताबा घेणे कायद्याच्या राज्यात खपवून घेतले जाणार नाही आणि वसुली कायदेशीर मार्गानेच झाली पाहिजे, असे स्पष्ट बजावले. त्यानंतर २४ एप्रिल २००८ चे वसुली प्रतिनिधींविषयीचे परिपत्रक आले, ज्याने प्रथमच या व्यवसायाला आकार दिला. एजन्सी नेमल्यावर तिचे नाव ऋणकोला कळवणे, प्रतिनिधीने बँकेची नोटीस, अधिकारपत्र आणि ओळखपत्र जवळ बाळगणे, संभाषणांची ध्वनिमुद्रणे ठेवणे, प्रतिनिधींना किमान १०० तासांचे प्रशिक्षण देणे, आणि ऋणकोची तक्रार प्रलंबित असेपर्यंत, ती उघडच खोडसाळ नसेल तर, त्याचे प्रकरण एजन्सीकडे न सोपवणे, ही बंधने त्यातून आली. एजंटाच्या कृत्यांची जबाबदारी बँकेचीच, हे तत्त्वही त्यात स्पष्ट झाले, आणि या साऱ्या मालिकेत त्याचे मोल सर्वाधिक आहे, कारण आमची एजन्सी काय करते ते आम्हाला माहीत नाही, हे उत्तर त्यामुळे बंद झाले, निदान कागदोपत्री.

१२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ ते सायंकाळी ७ ही वेळ ठरवली, आणि शाब्दिक वा शारीरिक धमकी, चारचौघांत अपमान, कुटुंबीय, मित्र व संदर्भासाठी नावे दिलेल्या व्यक्तींच्या खासगीपणात घुसखोरी, मोबाइल किंवा समाजमाध्यमांवरून अनुचित संदेश आणि निनावी फोन यांना मनाई केली. सूक्ष्मवित्त कर्जांसाठी, म्हणजे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना दिल्या जाणाऱ्या विनातारण कर्जांसाठी, त्याच वर्षी आलेले नियम आणखी काटेकोर आहेत: हप्ता दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी घ्यायचा, ऋणको लागोपाठ दोन वेळा तिथे न आल्यासच घरी किंवा कामाच्या जागी जायचे, आणि सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर संपर्क साधायचा नाही. बँकेने तक्रारीचे समाधान ३० दिवसांत न केल्यास लोकपालाकडे विनाशुल्क जाण्याची सोय २०२१ च्या एकात्मिक योजनेने दिली, ज्यात झालेल्या नुकसानीसाठी २० लाख रुपयांपर्यंत आणि मनस्ताप व वेळेच्या अपव्ययासाठी १ लाख रुपयांपर्यंत भरपाई देता येत होती. बँकिंग ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतील सेवा असल्याने ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे. अब्रूवरचा हल्ला हे जुने हत्यार नव्या नियमांत नाव घेऊन नोंदवले गेले, ही या परिपत्रकाची जमेची बाजू. त्यात १९४६ च्या कायद्यासारखी कैदेची शिक्षा नाही, ही उणी बाजू.

महाराष्ट्रात सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने जुन्या कायद्याची जागा घेतली. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि अवैध सावकारीतून बळकावलेली मालमत्ता चौकशीअंती मूळ मालकाला परत करण्याचा जिल्हा निबंधकाचा अधिकार, या त्यातील ठळक तरतुदी आहेत. खरेदीखताच्या वेशातील गहाणखत ओळखण्याची १९०७ ची खटपट इथे शंभर वर्षांनी प्रशासकीय मार्गाने पुन्हा केलेली दिसते. मात्र मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरात यांच्या कायद्यांविषयी निर्णय देताना, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगरबँकिंग वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे ठरवले. परिणामी एकाच गल्लीत परवानाधारक सावकाराने ऋणकोच्या घराभोवती घुटमळणे हा राज्याच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि वित्तीय कंपनीच्या प्रतिनिधीचे तेच कृत्य मुख्यतः नियामकाच्या निर्देशाचा भंग ठरते. धमकी किंवा मारहाण झाली तरच सर्वसाधारण फौजदारी कायदा मध्ये येतो.

१८५९ चा मुदतीचा घोळही रूप बदलून टिकला आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साध्या कर्जासाठी दाव्याची मुदत आजही तीन वर्षे आहे, आणि ती संपण्यापूर्वी ऋणकोने कर्जाची लेखी कबुली दिली किंवा स्वतःच्या सहीच्या नोंदीने अंशतः भरणा केला तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. मुदत उलटून गेलेल्या कर्जाविषयीही सहीनिशी दिलेले फेडीचे वचन करार कायद्याच्या कलम २५ मुळे बंधनकारक होते. निदान थोडी तरी रक्कम भरा, असा आग्रह जुन्या थकबाकीच्या बाबतीत धरला जातो तेव्हा त्यामागे हा हिशेब असू शकतो, आणि ऋणको तो सवलत समजून स्वीकारतो. व्याज मुद्दलात मिळवण्याच्या प्रथेला मात्र काही अंशी आळा बसला: १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने थकीत हप्त्यावर दंडव्याज लावणे बंद करून केवळ दंडशुल्क घेण्याची मुभा ठेवली आणि त्या शुल्कावर पुढे व्याज चढवण्यास मनाई केली, आणि नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला.

सध्याचा पेच मोबाइल ॲपवरून काही मिनिटांत मिळणाऱ्या कर्जांचा आहे. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी ऋणकोच्या फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे यांना हात लावण्यास ॲपना बंदी केली आणि वसुली प्रतिनिधीचे नाव त्याने संपर्क साधण्यापूर्वी ऋणकोला कळवणे सक्तीचे केले. पण ही बंधने रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील संस्थांवर आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या ॲपवर आहेत. ज्या ॲपमागे अशी कोणतीही संस्था नाही, ते कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना सावकार ठरतात आणि २०१४ च्या अधिनियमाच्या कक्षेत येतात. त्या अधिनियमाची यंत्रणा सहकार विभागाच्या जिल्हा उपनिबंधकाच्या हाती आहे, तिची रचना सावकाराचे दुकान, त्याची वही आणि त्याने लिहून घेतलेले खत एखाद्या ठावठिकाण्यावर जाऊन तपासता येते या गृहीतावर उभी आहे, आणि ऋणकोच्या नातेवाइकांना विरूप केलेली छायाचित्रे पाठवणाऱ्या ॲपचा दर आठवड्याला बदलणारा क्रमांक कोणत्या जिल्ह्याच्या उपनिबंधकाच्या हद्दीत येतो, याचे उत्तर तिच्यात नाही.